उपाशी डासांचा निकाल

वीज गेली तेव्हा डास रक्त पीत होते.

सोलापुरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होतो. मलेरियाच्या पेशंटचं रक्त काचेच्या कपात घ्यायचं, खाली पातळ पडदा ताणायचा आणि डासांना त्यातून पिऊ द्यायचं. एका कपात साधं रक्त, दुसऱ्यात अँटीबॉडी मिसळलेलं. ही अँटीबॉडी डासाच्या पोटात मलेरियाच्या जंतूची वाढ रोखते. मग तो डास पुढे कुणाला मलेरिया देत नाही.

रक्त देणारे सांगोल्याचे मेंढपाळ तात्या हसले होते. "म्हंजी ताप मला आन् औषीद डासाला व्हय?"

"तुम्हाला गोळ्या दिल्यात की, तात्या."

कपाभोवती कोमट पाणी फिरवावं लागतं. गार रक्ताला डास तोंड लावत नाही. साधा कप आटोपला होता. अँटीबॉडीचा नुकताच लावला आणि वीज गेली. इन्व्हर्टर बंद. रक्त गार झालं.

प्यायलेल्या डासाचं पोट लाल दिसतं. उपाशी डास वेचून टाकायचे, हा नियम. वेचले असते तर डबीत चारदोनच उरले असते, प्रयोग रद्द. तात्यांनी गोळ्या सुरू केलेल्या, त्यामुळे तसं रक्त पुन्हा मिळणार नव्हतं. मी एकही डास वेचला नाही.

आठवड्यानं, साखरपाण्यावर जगवलेल्या डासांची पोटं फाडून मायक्रोस्कोपखाली जंतूंच्या गाठी मोजल्या. अँटीबॉडीवाली बहुतेक पोटं स्वच्छ; त्या डासांनी रक्त प्यायलंच नव्हतं. आमच्या प्रमुख मॅडम खूश.

दुसऱ्या पेशंटच्या रक्तावर तोच प्रयोग केला, तर अँटीबॉडी असूनही गाठीच गाठी.

"अँटीबॉडी खराब झालीय. फ्रीजर कोण बघतं?" मॅडमनी विचारलं.

"रफिकभाई," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

रफिकभाईंचं कंत्राट पुन्हा झालं नाही. "मैं दरवाजा खुल्ला नै छोड्या, भाऊ," ते दोनदा म्हणाले. मी चहा मागवला.

रिटायर झालो तरी झोप धड लागेना. बसलो की उठावंसं वाटे. शेवटी गेल्या महिन्यात मॅडमना सगळं सांगितलं.

"वहीत का नाही लिहिलंत?"

"तुम्ही रोज निकाल विचारत होतात."

त्यांनी जुनी वही काढली. मग तो निकाल रद्द केला आणि त्यांच्यावर ठपका नाही असं रफिकभाईंच्या नावे पत्र दिलं. ते घेऊन मीच गेलो. रफिकभाई आता मेहुण्याच्या टॉवेलच्या दुकानात असतात. पत्र त्यांनी उभ्यानंच वाचलं.

"तब बोलना था ना," म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

उरलेल्या एका प्रयोगावरून ठरत नाही; ती अँटीबॉडी चालते की नाही, मला अजून माहीत नाही. एवढं कळलं: चूक त्याच दिवशी सांगितली तर प्रयोग वाया जातो. उशिरा सांगितली तर माणूस.