ऑस्ट्रेलियाची मजुरी हमरापुरात

माझ्या एका यादीमुळे हमरापूरच्या दीडशे गणपतींना डोळे मिळायला चार दिवस उशीर झाला.

मी रोह्याच्या एका शाळेत हेडक्लार्क आहे. वाण्याच्या सामानापासून बारशाच्या पाहुण्यांपर्यंत माझ्या सगळ्या याद्या फायलीत लावलेल्या असतात. त्यामुळे माझा मुलगा चिन्मय कंपनीतली नोकरी सोडून, पाठीवर सॅक टाकून वर्षभरासाठी ऑस्ट्रेलियाला निघाला (फिरायचं आणि फिरता फिरता मिळेल ते काम करायचं, असा तिथे चक्क व्हिसा मिळतो!), तेव्हा मी सामानाची यादी केली. शहात्तर वस्तू. त्याने एकोणीस सॅकमध्ये भरल्या आणि उरलेल्या माझ्यासकट रोह्याजवळच्या वरसे गावातल्या घरी ठेवल्या.

तिथे त्याला संत्री तोडायचं काम मिळालं. आमच्या शेतात वालाच्या शेंगा तोडायला नेलं की दहाव्या मिनिटाला कंबर धरणारा हा मुलगा परदेशात शिडीवर चढून संत्री तोडत होता! मला रडूच आलं. मग त्याने पगाराच्या स्लिपचा फोटो पाठवला. तासाला आपले सतराशे रुपये! मी रडणं आटोपतं घेतलं.

त्याला फोनवर खोदून खोदून विचारलं आणि नवी यादी केली : ‘ऑस्ट्रेलियातील मजुरांच्या सोयी’. एकूण अकरा कलमं. मजुरी तासावर, चहाच्या सुट्टीचेही पैसे, रविवारी जादा, टोपी, हातमोजे वगैरे वगैरे. ही यादी मी शाळेत वाचली, बँकेच्या रांगेत वाचली, भाजीवालीला तर दोनदा ऐकवली. (दुसऱ्या वेळेला तिने कोथिंबीर फुकट दिली आणि म्हणाली, “ताई, आता निघा.”)

इथवर नुकसान कोथिंबिरीच्या जुडीपुरतंच होतं. पण सोमवारी मी आमच्या घरचा गणपती ठरवायला पेणजवळच्या हमरापूरला गेले. तिथे माझा धाकटा भाऊ दिलीप याचा गणपतीचा कारखाना आहे. दीडशे मूर्ती रंगून ओळीने उभ्या होत्या, फक्त डोळे राहिले होते. शनिवारी मुंबईच्या व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता. दिलीपचा अर्धा सीझन त्या टेम्पोवर होता. आणि डोळ्यांची आखणी करणारा हात अख्ख्या कारखान्यात एकच, नथूदादांचा. मूर्तीमागे मजुरी ठरलेली. दिवसाला तीस-पस्तीस मूर्तींना दृष्टी देऊन दादा संध्याकाळी शांतपणे घरी जात.

चहाची वेळ होती. मी पर्समधून यादी काढली.

“म्हंजे चा पिताना पन पैसं?” मूर्ती घासणाऱ्या सुगंधाबाईंनी विचारलं.

“चहा पिताना पण!”

“आनि नुसतं बसलं तं?”

“तास म्हणजे तास, सुगंधाबाई!”

“व्हय गो बाय!” म्हणत त्यांनी मांडीवरची मूर्ती खाली ठेवली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण मागच्या बायकांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अकराच्या अकरा कलमं ठळक अक्षरांत लिहिली आणि भिंतीवर टांगली. खिळासुद्धा मीच ठोकला.

मंगळवारी सकाळी दिलीपचा फोन. “ताई, तू काय करून गेलीस? सगळी त्या कॅलेंडरसमोर बसलीत. काम बंद हाय!”

“घाबरू नकोस. मी येते.”

“नको! तू नको येऊस!”

मी किरकोळ रजा टाकली आणि एसटीने गेले. दोन्ही बाजूंच्या मधोमध खुर्ची टाकून बसले आणि तासाभरात तडजोड करून दिली : मजुरी तासावर, दर मात्र आपल्याकडचा. ऑस्ट्रेलियाचं तत्त्व आणि पेणचा खिसा! सुगंधाबाई दोनदा काहीतरी बोलायला उठल्या. मी हाताने थांबवलं. “सगळे मुद्दे येणार आहेत, बसा.” हजेरीचा तक्ताही मीच आखला.

बुधवारपासून तासाची मजुरी सुरू झाली. असे सुंदर डोळे नथूदादांनी आयुष्यात काढले नसतील! एक भुवई, मग पाच मिनिटं लांबून बघायचं. दुसरी भुवई, मग जवळून बघायचं. दिलीप हात जोडून म्हणाला, “दादा, जरा हात उचला.”

“घाई कशाला शेठ? तास चाललाय नव्हं?”

शुक्रवारी संध्याकाळी मोजलं. तीन दिवसांत अकरा मूर्ती. अकरा बाप्पा आमच्याकडे प्रेमाने बघत होते आणि एकशे एकोणचाळीस अजिबात बघत नव्हते. दिलीपने व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “बुधवार सकाळपर्यंत थांबतो. नाहीतर माल दुसरीकडून उचलतो, आणि आगाऊ दिलेले पैसे परत पाठवा.” आगाऊ पैसे कधीच रंगात आणि मातीत गेले होते. दिलीप मटकन माझ्याच खुर्चीत बसला.

मी बाहेर जाऊन चिन्मयला फोन केला. “अरे, तुमच्याकडे माणसं तासावर असून कामं होतात कशी?”

“सुपरवायझर मागे उभा असतो ना, आई. हात मंद चालला की दुसऱ्या दिवशी बोलावतच नाहीत.”

“तुला कुठे असं झालं?”

“दोनदा. एकदा आठवडाभर घरीच होतो.”

“मग त्या पगाराच्या स्लिपा?”

“चांगल्या आठवड्यांच्याच पाठवतो ना तुला!”

मुलाच्या आठवडाभराच्या उपाशी बेकारीबद्दल आईने दोन अश्रू ढाळायला हवे होते. मी मात्र वहीत ‘सुपरवायझर’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

शनिवारी सकाळी सातला मी नथूदादांच्या मागे उभी. हातात घड्याळ.

“ताई, उजेड अडतोय.”

मी डावीकडे सरकले.

“ताई, श्वास मानेवर येतोय.”

मी श्वास धरला. दादांनी कुंचला टेकवला, मला किती वेळ श्वास धरता येतो याची काळजी त्यांना वाटली असावी, आणि त्यांचा हात हलला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! त्या बाप्पांचा एक डोळा मोदकाकडे आणि दुसरा थेट माझ्याकडे. दादांनी कुंचला खाली ठेवला.

“शेठ,” दादा सावकाश म्हणाले, “डोलं काढताना आमी रेडिओ पन बंद ठेवतो. या ताईंना बंद करायचं बटन कुठं हाय?”

मी काही बोलायच्या आत दिलीप रडवेला होऊन ओरडला, “अरे पण तुम्हाला पाहिजे तरी काय? एकदाचं सांगा ना!”

“आमाला तास नाय पायजेल,” दादा म्हणाले. “मूर्तीमागंच बरं हाय. चार रुपये वाढवून द्या, लय वर्सं तेच चाललंय.”

“आनि आमा बायकांना ते नववं कलम,” सुगंधाबाई म्हणाल्या. “कामाच्या जागी संडास. दर टायमाला घरी पलत जावं लागतं, पावसात नि उन्हात. बाकीचं ऱ्हाऊ दे तुमच्या ऑस्ट्रेलियाला.”

दिलीप बघतच राहिला. “एवढंच? मग मंगळवारीच का नाही बोललात?”

“कसं बोलनार? ताई बोलत होत्या ना!”

चार रुपये तिथल्या तिथे कबूल झाले, संडासाला जागाही तेव्हाच दाखवली. दादांनी मान मोकळी केली, तिरळ्या बाप्पांचे डोळे पुसून नव्याने काढले आणि मग त्यांचा हात जो सुटला तो सुटलाच. रविवारीसुद्धा बसले. मला मात्र सगळ्यांनी मिळून एक काम नेमून दिलं : रोह्याला जायचं. बुधवारी सकाळी टेम्पो भरला. दीडशेच्या दीडशे मूर्ती, तीनशे डोळे, सगळे सरळ. दिलीपने मला फोटो पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं.

गणपती झाल्यावर कारखान्यामागे पक्का संडास बांधला. टाइल्स आहेत, नळाला पाणी आहे, आतून कडीसुद्धा आहे. परवा भावजयीला भेटायला गेले होते. कारखान्याच्या दारातून आत शिरणार, तोच एक नवी पोरगी काम टाकून लगबगीने उठली. सुगंधाबाईंनी विचारलं, “कुठं चाललीस गो?”

ती म्हणाली, “मंगलताईंकडं जाऊन येते,” आणि माझ्याकडे न बघता थेट मागच्या दाराने गेली.

मंगल हे माझंच नाव.