रवंथ करेपर्यंत

विश्रामबागेतल्या एका मानसोपचार दवाखान्यात मी औषधांच्या खिडकीवर बसतो. दर महिन्याला जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागातून एक जण येतो. पूर्वी मेंढरं राखायचा, आता डाळिंब लावलंय. गोळ्यांचं पाकीट हातात पडलं की आधी हुंगतो, मग डोक्याच्या पटक्यात खोचतो. त्यानंतर समुपदेशनाच्या बाईंकडे तासभर बसतो. बाहेर आला की घटाघटा दोन ग्लास पाणी पितो आणि मला सांगतो, "आज लय बोललो गड्या."

गेल्या खेपेला सोबत आलेला धाकटा भाऊ वैतागला. "आवं दादा, गोळी लागू पडलीया, झोप लागती. आता गप्पा कशाला? एसटी चुकंल."

हा शांतपणे म्हणाला, "मेंढराला औशीद पाजून तसंच सोडून येतूस व्हय रं? रवंथ करंस्तवर बसतूस की त्याच्याजवळ." आणि आत गेला.

एसटी चुकली. भाऊ बाकावर बसून राहिला.

माझ्या बायकोलाही ह्याच गोळ्या चालू आहेत. वर्षभरात एकही चुकू दिली नाही मी. रोज तिच्या हातावर गोळी ठेवतो, पाणी देतो आणि टीव्ही लावतो.