प्रसाद खाण्यात धरतात

मंडळी, आज सकाळी माझ्या सहा वर्षांच्या पोरीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. झालं नाही.

ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळा, काही खाल्लंस?"

"नाय. फक्त वेरूळच्या देवाचा पेढा."

ऑपरेशन उद्यावर गेलं. पेढा कुणी दिला हे विचारायच्या आत माझी आई बायकोवर घसरली, "तुलाच लई देवाचं!"

पेढा मी दिला होता. आयुष्यभर नवस-प्रसादाची टिंगल करणाऱ्या मीच काल गुपचूप जाऊन आणला होता. भीतीपोटी वाटलं, प्रसाद काय खाण्यात धरतात का?

शेवटी आईसमोर कबूल केलं. बायको एवढंच म्हणाली, "उद्या खिसे रिकामे करून या."

येतो. पण रिकाम्या हातानं पोरीला त्या दारातून आत कसं सोडायचं, सांगाल कुणी?