तगरीदने न प्यायलेली कॉफी

आमच्या इर्बिद शहरात वशिल्याशिवाय पान हलत नाही. पाण्याचं मीटर बसवायचं असो की पोराला नोकरीला चिकटवायचं असो, आधी आठवायचं की त्या कचेरीत आपलं कोण बसतं. तगरीदला हे कधीच मानवलं नाही. आम्ही दोघी एकाच खाजगी शाळेत होतो, ती गणिताला आणि मी अरबीला. तिथेही ती पगारवाढीसाठी मालकाच्या मेहुण्याकडे न जाता थेट मालकाकडे गेली आणि हात हलवत परत आली. मी मेहुण्याकडे गेले होते. मला वाढ मिळाली.

मग मालकाने शाळाच बंद केली. मी घरी शिकवण्या सुरू केल्या आणि ही चौतीस वर्षांची बाई प्रोग्रामिंग शिकायला बसली. भावकीने नाकं मुरडली. लग्नाचं वय चाललंय आणि ही लॅपटॉपशी संसार करतेय, असं तिच्या तोंडावर बोलून झालं. तिने ऐकून घेतलं आणि शिकत राहिली.

वर्षभराने तिला एक वाट सापडली. जगात काही प्रोग्राम असे असतात की ज्यांचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. नवख्यांना हाताशी धरून शिकवायला तिथे जुनी मंडळी असतात आणि तीन महिन्यांच्या कामाचे पैसेही मिळतात. अट एकच होती. अर्ज करायचा तर महिनाअखेरपर्यंत निदान एक दुरुस्ती त्यांनी तपासून स्वीकारलेली हवी. ती झाली नाही तर सहा महिने थांबायचं. तगरीदची शिल्लक सहा महिने पुरणारी नव्हती.

तिने शाळांची वेळापत्रकं लावणारा प्रोग्राम निवडला. तो आमच्या शाळेतही होता आणि आम्ही त्याला रोज शिव्या घालायचो, कारण त्यात सुट्टी शनिवार-रविवारचीच धरलेली. आमची असते शुक्रवार-शनिवार. दर शाळेला आपले सुट्टीचे वार निवडता यावेत, ही तिची दुरुस्ती. सूचना पुन्हा पुन्हा वाचून, प्रोग्राम आपल्या जुन्या लॅपटॉपवर तीनदा बसवून आणि दोनदा बिघडवून तिने ती पाठवली. तपासणारी होती मार्गिट, तिकडे हंगेरीत. पहिल्या दिवशी तगरीदने तिला खाजगीत लांबलचक सलाम-दुआ लिहून शंका विचारली. मार्गिटने दोन ओळींत कळवलं, की जे विचारायचं ते सगळ्यांसमोर, चर्चेच्या पानावर विचार. तगरीदला ते फार आवडलं. म्हणाली, "सुआद, इथे मागच्या दाराने कुणी येतच नाही."

मागच्या दाराचं मला माहीत नाही. पुढच्या दाराने अबू नायफ आले.

अबू नायफ म्हणजे तिचे थोरले चुलते, तिचे अम्मो. तिचे वडील गेल्यापासून तेच घरचे कर्ते. आमच्याकडे मुलीला मागणी घालायची किंवा भांडण मिटवायचं असेल तर वडीलधारे जमून समोरच्याच्या घरी जातात. त्याला जाहा म्हणतात. पुढे आलेली कॉफी जाहाचा म्होरक्या तशीच खाली ठेवतो. यजमानाने "प्या, तुमचं मागणं मान्य" म्हटल्यावरच ती प्यायची. अबू नायफ किती जाहांचे म्होरके झाले असतील याची गणती नाही. माणूस दिलदार, पण मदत करू नका असं त्यांना सांगणं म्हणजे पुराला थांब म्हणण्यासारखं.

गुरुवारी जेवताना त्यांनी विचारलं, की तुझं काम कुणाच्या हातात आहे, नंबर दे. तगरीद म्हणाली, नंबर नसतो, सगळं उघड्यावर असतं, तिथे कुणीही येऊन लिहू शकतं. त्यातलं त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं.

शुक्रवारची नमाज झाली आणि जाहा निघाली. अम्मान, कुवेत, जर्मनी, ह्यूस्टन, जिथे जिथे पुतणे-भाचे होते तिथून सगळ्यांनी खाती उघडली. शनिवारी सकाळी मार्गिटच्या पानावर तगरीदची अख्खी भावकी बसली होती. "आमची तगरीद चांगल्या घरातली आहे." "तिच्या आजोबांच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही." "आम्ही आपल्या दारी आलो आहोत, रिकाम्या हाताने पाठवू नका." ह्यूस्टनच्या भाच्याने तर आजोबांचा घोड्यावरचा फोटो डकवला होता.

दुपारी मार्गिटने पान बंद केलं. खोटी खाती उघडून दबाव आणल्याचा संशय आहे, दुरुस्ती आता तपासली जाणार नाही, असं खाली लिहिलं.

मी तिथेच होते. तगरीदचे कान लाल झाले. मी तिला शहाणपणाचं सांगितलं, की लिहून टाक, मी यांना ओळखत नाही, कुणीतरी खोडी केली. कोण येतंय बघायला?

"माझ्या सख्ख्या चुलत्यांना खोटं खातं म्हणू?" ती म्हणाली. "आणि तेही उघड्यावर?"

मग तिने लिहिलं. ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलं आहे. "ही खाती खोटी नाहीत. ही माझी माणसं आहेत. आमच्याकडे कुणासाठी काही मागायचं तर असंच मागतात. तुमच्याकडे ते चालत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. त्यांचं एकही मत धरू नका. माझा कोड वाचा. वाईट असेल तर वाईट आहे म्हणून बंद करा. माझ्या चुलत्यांमुळे बंद कराल तर तेही माझ्या कोडकडे न बघताच ठरवल्यासारखं होईल."

ते पाठवून ती उठली, डोक्याला रुमाल बांधला आणि म्हणाली, "चल अम्मोंकडे."

अबू नायफांच्या बैठकीत चार म्हातारे बसले होते. कॉफी आली. तगरीदने कप घेतला आणि समोर ठेवून दिला. आमच्याकडे बाया जाहा घेऊन जात नाहीत.

"पोरी, पी."

"मागणं आहे, अम्मो."

"असं कुठे ऐकलंय कुणी?"

"आज ऐकलंत. सगळ्यांनी तिथे लिहिलेलं काढून टाकावं. आणि यापुढे माझ्यासाठी कुणी तोंड उघडू नये."

अबू नायफांचा चेहरा उतरला. "आम्ही तुझ्या पाठीशी उभे राहिलो, त्याचं हे फळ?"

"पाठीशी नाही, अम्मो. तुम्ही पुढे उभे राहिलात. मी कुणाला दिसलेच नाही."

मागणं ऐकल्यावर मात्र अबू नायफ पी असं म्हणाले नाहीत. कॉफी गार झाली आणि तगरीद उठून चालू लागली. कॉफी न पिता जाणं म्हणजे त्या घराचा अपमान. जिन्यात मी तिला म्हटलं, आता तू वाळीत पडलीस. ती म्हणाली, वाळीत पडून वेळ तरी मिळेल.

संध्याकाळी पानावरचा एकेक मजकूर जायला लागला. आधी अम्मान गेलं, मग कुवेत, मग जर्मनी. शेवटी आजोबांचा घोडाही गेला. अबू नायफांनी हो म्हटलं नव्हतं, पण केलं होतं.

पुढच्या आठवड्यात मार्गिटने पान पुन्हा उघडलं. माफीबिफी काही नाही. तगरीदच्या कोडमधल्या ढीगभर चुका तेवढ्या दाखवल्या. ते वाचून ही बया आनंदाने स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागली. चुका सुधारल्या, पण एका मुद्द्यावर अडून बसली. मार्गिटचं म्हणणं, सुट्टी देशावरून आपोआप ठरावी. तगरीदने सगळ्यांसमोर लिहिलं, की आमच्या गल्लीतली ख्रिस्ती शाळा शुक्रवार आणि रविवार बंद असते, तुम्ही देशाला काय विचारता, शाळेला विचारा. दोन दिवस वाद चालला. शेवटी मार्गिटने दुरुस्ती होती तशी स्वीकारली. मुदत संपायला आठवडा बाकी होता. तगरीदने अर्ज केला आणि तिची निवड झाली.

त्यानंतर अबू नायफ आले. एकटेच, डोक्याला इस्त्रीची कुफिया बांधून. मी नेमकी तिथेच होते, मी कुठे नसते! तगरीदने कॉफी ओतली. त्यांनी कप घेतला आणि समोर ठेवून दिला.

"माझं मागणं आहे," ते म्हणाले. "माझ्या नातीला, लियानला, हेच काम शिकायचंय. तू शिकव. आणि आता तिथे तुझ्या शब्दाला वजन आहे, त्या मार्गिटबाईंच्या कानावर घाल."

कपातून वाफ निघत होती. तगरीदने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"शिकवीन. तिला एकटीला पाठवा. पण शब्द टाकणार नाही."

"म्हणजे निम्मंच मान्य."

"मग निम्मीच प्या, अम्मो."

अबू नायफांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कप उचलला. आमचा कॉफीचा कप तो केवढा, मुळात घोटभरच. त्यांनी त्यातली बरोबर निम्मी प्यायली आणि कप खाली ठेवला.