पाठीवरचा भाजल्याचा डाग

माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, तळहाताएवढा पांढरा डाग आहे. तो भाजल्याचा नाही. हे वाक्य मी आजवर कुणापुढेही उच्चारलेलं नाही.

लग्न सायखेड्याला, बायकोच्या माहेरी झालं. हळदीला उघड्या अंगाने पाटावर बसलो. मला वाटलं, हळद गालाला, हातापायांना लावतात; पाठ कोण बघतंय? नवरीची मामी मागून आली आणि तिचा हात थबकला.

"पाठीला काय झालं वो, जावईबापू?"

बायका वाकून पाहू लागल्या. कोड आहे म्हणालो तर लग्न इथेच मोडेल, याची मला खात्री होती. तेव्हा मी सातपूरला एका कारखान्यात होतो. म्हणालो, "वेल्डिंगची ठिणगी उडाली, सदरा पेटला."

"अगं बाई!" सासूबाई उठल्याच. "मग हळद झोंबंल की. थांबा जरा."

त्यांनी परसातली कोरफड कापून आणली, डागावर गर चोळला आणि मगच हळद लावू दिली. त्याच वाटीतली उष्टी हळद पुढे आतल्या खोलीत नवरीला लागली.

सासूबाई आजही नाशिकला येताना पिशवीत कोरफडीचं पान आणतात. "लावत जा. लय जुनं भाजलेलं हाय ते." मी "हो" म्हणतो. आणि हिवाळ्यात बायको पाठीला खोबरेल तेल चोळते, तेव्हा डागापाशी आली की तिचा हात हलका होतो. त्या हलक्या हाताखाली मी इतकी वर्षं डोळे मिटून पडत आलोय.

यंदाच्या उन्हाळ्यात पाठभर घामोळ्या उठल्या. बायकोने ओढूनच द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती.

"काका, हा डाग कशाचा?"

"भाजल्याचा," मी सवयीने म्हणालो.

तिने भिंग लावून पाहिलं. "पण घामोळ्या डागावरही आल्यात. म्हणजे इथे घामाच्या ग्रंथी आहेत. खोल भाजलं तर त्या जळून जातात, केसांची मुळंही जातात. इथे तर लव आहे, फक्त पांढरी. कातडी पूर्ण धड आहे, काका. गेलाय तो नुसता रंग. हे तर…"

"डॉक्टर," बायको मध्येच म्हणाली, "घामोळ्यांना पावडर लावायची की लोशन, तेवढं सांगा."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने लोशन लिहून दिलं.

परतताना द्वारकेच्या गर्दीत स्कूटर अडकली. मागे ती. मीच विषय काढला, "ती लव म्हणे…"

"इतकी वर्षं तेल लावतेय. माझ्या बोटांना केस लागत नाहीत होय? आणि बनियनला त्याच जागी घामाचे डाग पडतात ते काय शेजाऱ्यांचे?"

"मग बोलली नाहीस कधी?"

"पाठ तुमची. तुम्ही बोलायचं." मग पाठीत बोट खुपसून, "चला, सिग्नल सुटला. मागचे बोंबलतायत."

ज्या कातडीची मी आयुष्यभर लाज धरली, ती आपलं काम चोख करत होती. उन्हाळ्यात घामेजत होती, थंडीत शहारत होती. आणि बायकोचा हात तिथे हलका व्हायचा, तो जखम जपण्यासाठी नव्हे. जखम नाही हे तिला ठाऊक होतं. ती मला जपत होती. दवाखान्यात तर डॉक्टरच्या तोंडून तो शब्द निघण्याआधीच तिने मला अलगद उचलून बाहेर काढलं. एवढं माझ्यासाठी दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

परवा सासूबाईंनी पाठवलेलं पान फ्रीजमध्ये आहे. बायकोने ते नीट ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय.

मी सिग्नलवरही बोललो नाही, त्यानंतरही नाही. हा डाग कोडाचा आहे आणि हळदीच्या दिवशीही मला ते माहीत होतं, हे बायकोला माझ्या तोंडाने सांगायचं राहिलं आहे. आणि सायखेड्याला जाऊन सासूबाईंनाही.