पेंटरकाकांची दुसरी वेलांटी

चौकातली जुनी दुमजली इमारत नव्या मालकिणीने घेतली आणि पहिलं काम काढलं ते दर्शनी भिंत खरवडायचं. रंगाचे पापुद्रे गळू लागले, तसं आतून एकेक दुकान बाहेर यायला लागलं. 'छत्र्या दुरुस्त होतील'च्या पोटात 'दातांचा दवाखाना', त्याच्याही खाली अर्धवट 'बर्फाची वखार'.

समोर राहणारे पेंटरकाका खुर्ची टाकून बसले. बर्फ सोडला तर भिंतीवरची सगळी अक्षरं त्यांच्या हातची. "छत्रीवाला मोठा बिलंदर," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "लोक दुरुस्तीला टाकून विसरायचे, हा त्याच छत्र्या भाड्याने द्यायचा!"

मालकीण ऐकत उभी राहायची. शेवटी तिने ठरवलं, भिंत अशीच ठेवायची. काकांची कॉलर ताठ झाली.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा पडला. कोपऱ्यातल्या खांबाशेजारी निळी अक्षरं उमटली होती : 'डोळे तपासून चष्मा मीळेल.'

"तेवढं जरा जोर लावून खरवड रे," काका रंगाऱ्याला हळूच म्हणाले.

"अक्षरांना हात लावायचा नाही, असं मालकीणबाईंनी बजावलंय काका."

ते काकांचं पहिलं काम. वय एकोणीस. चष्मेवाल्याने दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून 'झकास' म्हटलं होतं. अकरा दिवस गावातल्या एकाही डोळ्याला काही खटकलं नाही. बाराव्या दिवशी वरच्या टंकलेखन वर्गातल्या नव्या बाई जिना उतरून खाली आल्या.

"मिळेलची वेलांटी पहिली असते."

काकांचे कान लाल झाले, पण माघार कसली घेतात! "डोळे तपासायला वेळ लागतो, बाई. म्हणून दुसरी दिली."

बाई इतक्या हसल्या की वर्गातली यंत्रं थांबली. पुढे वर्षभरात त्या दोघांचं लग्न झालं. चष्मेवाला गेला, भिंतीवर नवा रंग चढला, आणि काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता ती वेलांटी साऱ्या गावासमोर उभी! दुपारी रंगारी जेवायला गेल्याचं पाहून काकांनी निळा डबा आणि ब्रश घेतला आणि अडुसष्टाव्या वर्षी शिडी चढले. ब्रश भिंतीला टेकणार, तोच खालून आवाज आला.

"अहो! काय चाललंय?"

"काही नाही गं. जरा शुद्धलेखन."

काकूंनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. "मुकाट्याने खाली या. त्या वेलांटीपायी मी जिना उतरले होते. तिला हात लावाल तर याद राखा."

काका वरच थांबले. हातातला ब्रश थेंब थेंब ठिबकत होता. जवळपास पन्नास वर्षांच्या संसारात ही असं काही बोलली नव्हती. मग सावकाश, एकेक पायरी चाचपत, ते उतरले.

मालकिणीला सगळा प्रकार कळला, तेव्हा तिने भिंतीला व्हार्निश मारायचं काम काकांनाच दिलं. निळ्या अक्षरांवर त्यांनी एक हात जास्तच फिरवला.

हल्ली दोघंही संध्याकाळी त्या भिंतीसमोर बसतात. खालच्या मजल्याचा इतिहास काका सांगतात, वरच्याचा काकू. दातांचा डॉक्टर आधी गेला की चष्मेवाला, यावर मात्र अजून एकमत व्हायचं आहे.