दाजींचं वय आणि वामनराव वकील

वामनराव वकिलांसमोर बसून आपली हकीकत एका दमात सांगून उठलेला माणूस अख्ख्या जालन्यात सापडायचा नाही. विचारलं त्यापेक्षा एक शब्द जास्त झाला, की हा गृहस्थ कागद गोळा करायचा, बस्त्यात घालायचा, लाल फडक्याची गाठ मारायचा आणि आत चहा प्यायला निघून जायचा. परत आला की गाठ सोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या पहिल्याच दिवशी ती गाठ सात वेळा बसली. मी दुसरी शिकलेला, पण गावात चार लोकांत शेवटचा शब्द माझा असायचा. मला गप्प बसवणारा माणूस तोवर भेटला नव्हता.

"पाटील, मी बैलाचा रंग विचारला. तुम्ही सगळा बाजार सांगून राह्यले."

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. मुंबईच्या विमा कंपन्यांचे एजंट तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांच्या दारात उभे असत. पॉलिसी देताना गोड बोलत. माणूस मेला की मग नुसता कंपनीचा कागद बोलायचा. असे दावे वामनराव चालवत, आणि नेहमी कंपनीच्या विरुद्ध. म्हणायचे, "हा कागद खालून वर वाचायचा. द्यायचं ते वर मोठ्या अक्षरात, न द्यायचं ते खाली बारीक."

माझे दाजी, म्हणजे धाकटी बहीण सुंदरा हिचे मालक, जिनात कापूस तोलायचे. त्यांनी पॉलिसी काढली. कागदावर वय चाळीस, साक्षीला माझी सही. दोन वर्षांत तापानं गेले. कंपनीनं कळवलं, मयताचं वय पन्नासच्या वर होतं, ते लपवलं, सबब पॉलिसी रद्द. सुंदराला दोन पोरी. पैसे आले तर जुन्या जालन्यातलं घर राहणार होतं, नाहीतर बिऱ्हाड उचलून कायमचं माझ्याकडे. मी ठेवायला तयार होतो, ती राहायला तयार नव्हती. "दादा, सणाला येईन तुझ्याकडं. ऱ्हायला न्हाई." हट्ट आमच्या घरात सगळ्यांना सारखा वाटून आलाय.

दाजींच्या जन्माचा कागद कुणाकडेच नव्हता, ना आमच्याकडे, ना कंपनीकडे. वय खोटं, हे कंपनीनं शाबीत करायचं होतं. म्हणून वामनरावांनी मला एकच गोष्ट पढवली. "दाजींचं वय विचारतील. तुम्ही म्हनायचं, ठाऊक न्हाई. बस."

"ठाऊक कसं नाही? माझे दाजी ते!"

गाठ बसली. चहा.

तारखांवर तारखा पडल्या. दर तारखेला अदालतीच्या ओट्यावर तेच. "म्हना पाटील." "ठाऊक न्हाई." "छाती काढून नका म्हनू. खरंच ठाऊक नसल्यावानी म्हना." शेवटी माझं डोकं फिरलं. म्हणालो, "वकीलसाहेब, पोपट पाळायचा होता. माणूस कशाला धरला?"

"पोपट मधीच आपल्या मनाचं बोलत न्हाई, पाटील."

साक्षीच्या दिवशी वामनरावांनी माझी सही ओळखवून घेतली आणि बसले. मग कंपनीचा वकील उठला. औरंगाबादचा, शेरवानीतला, फार अदबीचा. त्यानं वय विचारलंच नाही. म्हणाला, "पाटीलसाहब, दाजी म्हणजे तुम्हाला वडलांच्या ठिकाणी असतील?"

आता, आमच्याकडे मानाच्या माणसाचं वय कमी सांगणं म्हणजे त्याला खाली बसवणं. परक्या माणसानं भर अदालतीत एवढ्या अदबीनं विचारावं आणि मी माझ्या दाजींना पोरगेलं ठरवू? मी म्हणालो, "वडलांच्या ठिकाणी म्हणजे काय! पन्नाशी कवाच ओलांडली होती त्यांनी."

तो हसून खाली बसला. कोपऱ्यात सुंदरानं पदर तोंडाशी नेला. तेव्हा कळलं मी काय केलं ते. वामनराव कागद गोळा करायला लागले. वाटलं, आता इथंही गाठ मारतात. पण ते उठले.

"पाटील, तुमचं वय?"

"पंचेचाळीस."

"आई वारल्या त्याला किती वर्षं झाली?"

"दहा."

"वय काय होतं त्यांचं?"

"शंभरी पुरी केली होती माझ्या आईनं," मी मान ताठ करून सांगितलं.

"बराबर. म्हणजे तेव्हा तुम्ही पस्तिसाचे, मातोश्री शंभराच्या. मंग तुम्ही जन्मले तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या."

सगळी अदालत फुटली. शिपाई हसला, शेरवानीवाला हसला, मुन्सिफसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. एकटे वामनराव हसले नाहीत. मुन्सिफांकडे वळून उर्दूत म्हणाले, हुजूर, हा माणूस खोटं बोलत नाही. याच्याकडे वय मान द्यायला असतं, मोजायला नसतं.

मी बाहेर पडलो तो टांग्याकडे न बघता चालत निघालो. वामनराव दम्याचे रोगी, पण पुलापर्यंत माझ्यामागं धापा टाकत आले.

"पाटील, दुसरं काही तुम्ही माझ्या हाताला ठेवलं न्हाई."

"लोक माझ्या आईला हसले."

"हसले. मी हसवलं," ते म्हणाले आणि कठड्याला टेकून खोकत राहिले. मी थांबलो नाही.

निकाल सुंदराच्या बाजूनं लागला. घर राहिलं. त्याच घरातून पोरी लग्न होऊन सासरी गेल्या. सुंदरा वकिलांच्या घरी साखर देऊन आली, मी गेलो नाही. पुढं बाजारात ते दिसले की स्वतःहून "राम राम पाटील" म्हणायचे. मी बैलांच्या शिंगांकडे बघायचो. निजामाचं राज्य जायच्या थोडं आधी ते दम्यानंच गेले. मातीला मी गेलो, सगळ्यांच्या मागं चाललो. पुढं जिनातले मजूर होते, त्यांच्यासारख्या कितीकांचे दावे त्यांनी चालवले होते. या माणसानं आपल्याला किती छळलं, हे प्रत्येकजण शेजाऱ्याला सांगत होता आणि डोळे पुसत होता.

सुंदरा अजून म्हणते, "दादा, एकदा जायला पाहिजे होतंस." म्हणून आता लिहितो. वकीलसाहेब, तुम्ही केलं ते बराबर केलं. पण आईचं नाव घेण्याआधी मला विचारायचं होतं. मी नाही म्हणालो असतो, आणि सुंदरा माझ्या ओसरीवर म्हातारी झाली असती. हे तुम्ही ओळखलं, म्हणूनच विचारलं नाही.

तरी विचारायचं होतं.